युद्धस्मृती आणि कला, महाराष्ट्रातील

युद्धस्मृती आणि कला, महाराष्ट्रातील : युद्धात मरण पावलेल्यांचे स्मरण टिकविण्यासाठी, तसेच युद्धाने दुरावलेल्या समाजांत पुन्हा संबंध जुळविण्यासाठी शिल्प, वास्तू, काव्य, गद्य आख्यान, नाट्य, चित्रपट इ. कलांचा जो उपयोग होत आला आहे, त्याचा महाराष्ट्रापुरता विचार या नोंदीत केला आहे. स्मरण आणि समेट ही दोन कार्ये पुष्कळदा एकत्र उच्चारली जातात. परंतु ती एक नव्हेत. स्मारक प्रथम आपल्या मृतांना जागा देते. समेट घडावयाचा तर त्याच जागेत दुसऱ्या पक्षाच्या माणसालाही संकोच न बाळगता उभे राहता आले पाहिजे. महाराष्ट्रात पहिल्या प्रकारची परंपरा सुमारे हजार वर्षांची व अतिशय समृद्ध आहे. दुसऱ्या प्रकारची उदाहरणे संख्येने थोडी असून ती बहुधा ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशा लोकांकडून घडलेली आहेत. कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील पेण, रोहा, माणगाव हा पट्टा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जुनी वीरपूजा, मराठेशाहीतील लढाया आणि दोन महायुद्धांतील लष्करभरती या तिहींचे ठसे येथे व याच्या आसपास थोड्या अंतरात आढळतात.

वीरगळ : लढाईत अथवा गावाचे गोधन राखताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेस वीरगळ म्हणतात. हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’ (वीराचा दगड) यावरून आला. शिळेवर सामान्यतः तीन किंवा चार आडवे कप्पे असतात व ते खालून वर वाचावयाचे असतात. सर्वांत खाली लढाईचा प्रसंग व धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत असे दृश्य, त्याही वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे असे दृश्य आणि माथ्यावर कलश, चंद्र व सूर्य अशी ही मांडणी होय. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकावी, असा त्या चिन्हांचा अर्थ. वीरगळाच्या जोडीने सतीशिळाही आढळते. तीवर कोपरात वाकविलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. वीराच्या मरणाबरोबर घरातील दुसऱ्या मरणाचीही नोंद गावाने ठेवली, एवढे तरी तीवरून कळते. त्या मरणाकडे पाहण्याची दृष्टी मात्र आज स्वीकारता येण्यासारखी नाही.

उत्तर कोकणातील सर्वांत प्रसिद्ध वीरगळ बोरिवलीजवळील एकसर येथील होत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे व समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. जलयुद्धाचे असे सविस्तर शिल्पांकन भारतात विरळा आहे. या शिळांचा काळ व प्रसंग यांविषयी मतभेद आहेत. तथापि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव (कार. १२६१–७१) यांच्यातील संघर्षाशी त्यांचा संबंध जोडण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. या संघर्षात सोमेश्वर समुद्रात बुडून मरण पावल्याचे हेमाद्रीच्या ग्रंथातील राजप्रशस्तीत सूचित केले आहे. म्हणजे एकाच युद्धाच्या दोन स्मृती उरल्या : एक विजेत्याच्या दरबारात संस्कृत श्लोकांत रचलेली व दुसरी, हे मत ग्राह्य धरल्यास, पराभूतांच्या किनाऱ्यावर दगडात कोरलेली.

वीरगळांचे एक लक्षण विशेष महत्त्वाचे आहे. बहुसंख्य शिळांवर लेख नसतो. कोणत्या राजासाठी, कोणत्या कारणासाठी आणि कोणाविरुद्ध ही लढाई झाली, ती जिंकली की हरली, हे शिळा सांगत नाही. शत्रू कोरलेला असतो, पण तो केवळ समोरचा योद्धा म्हणून. त्याचे व्यंग्यचित्र नसते व त्याची विटंबनाही बहुधा नसते. राज्ये बदलली तरी असा दगड फोडण्याचे कारण नव्या सत्तेला पडत नसे. शिलाहार गेले, यादव गेले, पुढे निजामशाही, मराठेशाही व इंग्रजी अंमल आला; गावाच्या वेशीवरील शिळा जागच्या जागी राहिल्या. वीरगळांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. एस्. सेत्तर व ग्युंटर सोंथायमर यांनी संपादिलेला स्मृतिशिलांविषयीचा ग्रंथ (१९८२) त्यात मोलाचा आहे. या शिळा म्हणजे केवळ पुराणवस्तू नसून महाराष्ट्रातील लोकदैवतांच्या घडणीचा एक टप्पा होत, हे सोंथायमर यांच्या संशोधनाने ठसविले.

टाक आणि पालखी : घरातील देवघरात चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठविलेल्या लहान प्रतिमांना टाक म्हणतात. कुलदैवताच्या टाकांबरोबर घराण्यातील पडलेल्या वीराचाही टाक, बहुधा घोडेस्वाराच्या रूपात, पूजेत असतो. नासिक येथे धुळवडीस असे टाक घेऊन वीरांची मिरवणूक काढण्याची प्रथा आहे. युद्धस्मारकाचा हा सर्वांत लहान व सर्वांत खाजगी प्रकार म्हणता येईल. त्याला अनावरण समारंभ लागत नाही. सोनाराचे कसब आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण पुरते.

वीर या कल्पनेचे देवत्वात रूपांतर कसे होते, याचे उदाहरण रोहा येथे पाहावयास मिळते. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते, तेव्हा सशस्त्र पोलीस तिला मानवंदना देतात. देवाला शासनाच्या शस्त्रधारी शिपायांनी सलामी देण्याचा हा प्रघात महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. पालखी रोह्याच्या वस्त्यावस्त्यांतून फिरते. एका जागी उभ्या केलेल्या स्तंभाकडे लोकांना जावे लागते. येथे देवच दारोदार जातो. रायगड जिल्ह्यातील स्मरणविधींत हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

पानिपत व बिनदेहाचा शोक : १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो संहार झाला, त्याने महाराष्ट्रातील असंख्य घरांपुढे एक नवा प्रश्न उभा केला. माणूस परतला नाही, पण त्याचा देहही मिळाला नाही आणि मेल्याचे सांगणारा खात्रीचा साक्षीदारही नाही. अशा वेळी और्ध्वदेहिक करावे की वाट पाहावी? दगडी स्मारक या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नव्हते. पानिपताचे स्मरण म्हणूनच प्रामुख्याने भाषेत झाले. भाऊसाहेबांची बखर आणि रघुनाथ यादव याची पाणिपतची बखर या गद्य आख्यानांनी पराभवाला कथेचा आकार दिला. नाना फडणीस (१७४२–१८००) स्वतः त्या रणातून वाचले होते व आपल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी त्या पळाचे वर्णन केले आहे. ‘पानिपत होणे’ व ‘संक्रांत कोसळणे’ हे वाक्प्रचार बोलीत रुजले ते अद्याप आहेत. विश्वास पाटील यांच्या पानिपत (१९८८) या कादंबरीला मिळालेल्या प्रचंड वाचकवर्गामागे ही सव्वादोनशे वर्षांची स्मृती होती.

या आपत्तीचा सर्वांत विदारक परिणाम सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या बाबतीत दिसतो. पती मृत झाल्याचे त्यांनी कधीच मान्य केले नाही व सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. हाच इतिहासात ‘तोतया’ म्हणून प्रसिद्ध आहे. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणात फौज जमविली आणि अनेक किल्ले घेतले. पराभवानंतर तो कुलाब्याकडे पळाला असता रघुजी आंग्रे यांनी त्याला पकडून पुण्यास पाठविले व त्याच वर्षी त्याला मृत्युदंड देण्यात आला. या बंडाच्या राजकीय कारणांची चर्चा इतिहासकारांनी केली आहे. परंतु एवढी माणसे एका तोतयामागे का गेली, याचे उत्तर केवळ राजकारणात शोधणे अपुरे ठरेल. ज्यांच्या घरचे कोणी परतले नव्हते, त्यांना भाऊसाहेब परतल्याची वार्ता खरी वाटावी, असे वाटत होते. पार्वतीबाई १७८३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या उत्तरक्रियेबरोबरच सदाशिवरावांचीही उत्तरक्रिया करण्यात आली. युद्धानंतर बावीस वर्षांनी पुण्याच्या दरबाराने एका मृत्यूवर अशी मोहोर उठविली. न. चिं. केळकर यांच्या तोतयाचे बंड (१९१३) या नाटकाने हा विषय रंगभूमीवर आणला.

पानिपताच्या स्मृतीत समेटाचा एक धागाही आहे, पण मराठी वाचकांच्या स्मरणात तो तितकासा राहिलेला नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेबांचे म्हणून ओळखले गेलेले शव यांवर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून अब्दालीच्या पक्षात असलेला अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याने खटपट केली. या प्रसंगाची माहिती देणारा काशीराज हा शुजाच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने आपला वृत्तांत फार्सीत लिहिला. एका मराठी माणसाने शत्रुपक्षाच्या छावणीतून, शत्रूच्या दरबारी भाषेत लिहिलेले हे कथन मराठ्यांच्या मृतांविषयीचे एक प्रमुख साधन ठरावे, ही घटना बखरींच्या आवेशपूर्ण वर्णनांइतकीच बोलकी आहे.

शत्रूला जाऊ देण्याचे स्मरण : पेणच्या पूर्वेस, खोपोली-पाली मार्गालगतच्या चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान याला या अरुंद खिंडीत कोंडले. त्याच्या सैन्यासोबत असलेल्या रायबाघन या शूर स्त्रीने शरण जाण्याचा सल्ला दिला व सामानसुमान टाकून देण्याच्या अटीवर महाराजांनी त्या सैन्यास परत जाऊ दिले, असे वर्णन परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात आहे. या ठिकाणी आता दगडी स्मारक आहे. पोवाडा व शिल्प या कलांचा ओढा स्वाभाविकपणेच निर्णायक घावाकडे असतो. अज्ञानदास याचा अफजलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा ही त्याची ठळक उदाहरणे. उंबरखिंडीचा शेवट तसा नाही. येथे स्मरण करावयाचे ते मागे फिरलेल्या, जिवंत परतलेल्या सैन्याचे. लोककलेने या प्रसंगाला तुलनेने कमी स्थान दिले, याचे कारण यातच असावे.

स्तंभ आणि नावे : इंग्रजी अंमलाबरोबर युद्धस्मारकाचा नवा प्रकार आला. वीरगळाप्रमाणे तो एका वीराचा नव्हता, तर तुकडीचा होता आणि त्यावर लेख कोरलेला असे. याचे महाराष्ट्रातील आद्य उदाहरण भीमा नदीकाठचा कोरेगावचा जयस्तंभ होय. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील कंपनीची तुकडी व दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांची तेथे लढाई झाली. स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावर इंग्रजी व मराठी लेख असून कंपनीच्या पडलेल्या शिपायांची नावे आहेत. यांतील बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजातील नामप्रत्यय आहे.

स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू कंपनीच्या विजयाचे स्मरण हा होता. शंभर वर्षांनंतर त्याचा अर्थ पालटला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी तेथे भेट दिली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शौर्याचे व हक्काचे चिन्ह म्हणून स्तंभाकडे पाहिले जाऊ लागले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या महार पलटणीच्या आरंभीच्या बोधचिन्हात हा स्तंभ होता. दरवर्षी १ जानेवारीस लाखो लोक येथे अभिवादनास येतात. लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, या परिसरात हिंसाचार झाला. एकाच दगडात एका समाजाला आत्मसन्मान दिसतो व दुसऱ्या काहींना पराभव दिसतो; स्तंभाचा लेख मात्र या दोहोंविषयी मूक आहे, कारण १८२१ मध्ये हे प्रश्न लेख कोरविणाऱ्यांच्या मनातही नव्हते. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्या मराठा, अरब इ. शिपायांची नावे त्यावर नाहीत. ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे कोरली गेली नसती, तर पुढचा सारा इतिहास या स्तंभाला चिकटला असता काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. स्मारकावर नाव असणे किंवा नसणे ही बाब किती दूरवर परिणाम करते, हे येथे दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) भरतीच्या गावांत शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. कोकणात व देशावर त्या आजही आढळतात. या गावातून अमुक इतके पुरुष महायुद्धात गेले व त्यांपैकी अमुक इतके कामी आले, असा त्यांवरील मजकूर असतो. दोन संख्या, एकही नाव नाही. गावात नावे सर्वांना ठाऊकच होती, असे समर्थन या पद्धतीचे करता येईल. परंतु तीन पिढ्यांनंतर ते टिकत नाही. संख्या राहिली व माणसे हरपली.

हीच उणीव फार मोठ्या प्रमाणावर इराकमधील बसरा स्मारकात दिसते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण आलेल्या सैन्यातही मराठा शिपाई होते. या मोहिमेतील ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यात ब्रिटिश सैनिकांची नावे कोरण्यात आली; हिंदी सैन्यातील मात्र अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली आणि शिपायांची पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. मृत्यूनंतर सर्वांना सारखेच स्मरण, हे शाही युद्धसमाधी आयोगाचे १९१७ मधील स्थापनेपासूनचे घोषित तत्त्व होते. त्याचे पालन आशिया व आफ्रिकेतील सैनिकांच्या बाबतीत झाले नाही, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मधील आपल्या अहवालात मान्य केले व क्षमा मागितली. शतकानंतरची ही कबुली उशिराची असली, तरी स्मरणाच्या क्षेत्रात समेटाची सुरुवात अशा कबुलीनेच होते. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे हर्बर्ट बेकर याने योजिलेल्या स्मारकात (१९२७) हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही (१९३१) तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. मेसोपोटेमियात ते अशक्य होते, असे म्हणता येत नाही.

कोकणच्या दृष्टीने आणखी एका स्मारकाचा निर्देश केला पाहिजे. व्यापारी जहाजांवर व नौदलात काम करणाऱ्या कोकणातील खलाशांपैकी जे दोन्ही महायुद्धांत समुद्रात मरण पावले, त्यांना समाधी असणे शक्यच नव्हते. मुंबईतील मस्जिद बंदरानजीकच्या खलाशी निवासात पहिल्या महायुद्धातील अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक खलाशांसाठी दगडाऐवजी नामावलीचा ग्रंथ करण्यात आला. त्याची एक प्रत मुंबईत व दुसरी चितगाव येथे ठेवण्यात आली. फाळणीनंतर ही दोन शहरे दोन देशांत गेली. चितगाव १९७१ पासून बांगला देशात आहे. कोकणी मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती खलाशी आणि पूर्व बंगालचे खलाशी यांची नावे मात्र दोन्ही प्रतींत एकत्रच राहिली. राजकीय सीमा न जुमानणारे युद्धस्मारक म्हणून या ग्रंथाचे महत्त्व मोठे आहे. मुंबईकरांना त्याची माहिती फारशी नसते.

माणगाव आणि मोंतोने : रोह्याच्या दक्षिणेस असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगाव हे नाईक यशवंत घाडगे (१९२१–४४) यांचे गाव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर जवळून मशिनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने चाल करून हातबॉम्ब टाकला, बंदुकीवरील एकाला गोळी घातली आणि काडतुसे बदलण्यास वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची समाधी ज्ञात नाही. ज्ञात समाधी नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांबरोबर त्यांचे नाव इटलीतील कासीनो स्मारकावर आहे. माणगाव येथे तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा उभारलेला आहे.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील उंब्रिया प्रांतातील मोंतोने या डोंगरमाथ्यावरील लहान गावाने इटालियन लष्करी इतिहासकारांच्या साहाय्याने घाडगे यांच्या नावे एक स्मारक केले. ते पुतळ्याच्या, स्तंभाच्या किंवा शस्त्राच्या रूपात नसून सूर्यघटिकेच्या (छायायंत्राच्या) रूपात आहे. आपण सर्व एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्यावर आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक होते व त्यांपैकी ५,७८२ मरण पावले. यातील खरा अर्थ कळण्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घाडगे यांची हीच बटालियन मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत इटालियन सैन्याविरुद्ध लढली होती. सप्टेंबर १९४३ पर्यंत इटली शत्रुराष्ट्र होते. त्यानंतर त्या भूमीवर हिंदी सैनिक जर्मन सैन्याशी लढले आणि खेड्यांतील लोकांनी ते पाहिले. एकोणऐंशी वर्षांनंतर त्या खेड्यांपैकी एकाने, कोणत्याही सरकारी कराराची वाट न पाहता, कोकणातील एका शिपायाचे नाव आपल्या गावात लावून घेतले.

कलादृष्ट्या सूर्यघटिकेची निवड मार्मिक आहे. वीरगळावरील चंद्रसूर्य कीर्तीच्या चिरंतनतेची ग्वाही देतात. येथे सूर्य स्वतःच स्मारकाचा घटक होतो, आणि तो पळसगावाचाही आहे व मोंतोनेचाही. हे साम्य योजनाबद्ध खचितच नाही, पण ते डोळ्यांआड करता येत नाही. पाश्चात्य युद्धशिल्पांतील अत्यंत हृदयस्पर्शी मानले गेलेले केटे कोलविट्स या जर्मन शिल्पकर्तीचे शोकमग्न माता-पिता (१९३२) हे शिल्पही याच जातीचे आहे. तिचा मुलगा पेटर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्या शिल्पात शस्त्र नाही, ध्वज नाही, शत्रूही नाही. गुडघे टेकलेली दोन वृद्ध माणसे आहेत. ते बेल्जियमच्या, म्हणजे जर्मनीने आक्रमण केलेल्या देशाच्या, भूमीवर उभे आहे व तेथे टिकले आहे. माणगावचा पुतळा व मोंतोनेची सूर्यघटिका यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. गावाला आपल्या मुलाचा चेहरा हवा असतो. परक्या गावाला तो चेहरा ठाऊक नसतो, म्हणून त्याने दुसरे काही शोधले.

पुतळा आणि माती : आधुनिक मराठी स्मारकशिल्पाची मुळे याच किनारपट्टीत आहेत. अलिबागजवळील सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे गणेशमूर्ती घडविणाऱ्या घरातले. सासवण्याच्या देवळातील भिंतीवर त्यांनी काढलेले अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले. १९२८ मध्ये पुण्यात अनावृत झालेला त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझपुतळा महाराष्ट्रातील पुढील असंख्य पुतळ्यांचा आदर्श ठरला. इंग्रज अधिकाऱ्याच्या पारखीने पुढे आलेल्या कलावंताने मराठ्यांच्या स्वातंत्र्यस्मृतीचे सर्वांत प्रभावी शिल्प घडवावे, ही घटना स्मरणकलेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पेण येथील गणेशमूर्तिकारांची शाडू मातीची परंपराही याच मातीकामाच्या कौशल्याची. दोन्हींत मातीत रूप आणणारा हात एकच. परंतु उद्देश उलट आहेत. पेणची मूर्ती पाण्यात विरघळण्यासाठीच घडविली जाते व पुढच्या वर्षी ती पुन्हा घडते. ब्राँझचा पुतळा एकदाच ओतला जातो आणि मग लोक त्याच्याजवळून रोज जातात व काही वर्षांत तो दिसेनासा होतो. दरवर्षी काही तरी हातांनी करावे लागते, तेथे स्मरण अधिक जागे राहते, असे रोह्याची पालखी, नासिकचे वीर व कोरेगावची १ जानेवारी यांच्या तुलनेवरून दिसते.

चित्रपट व राजनीती : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) या चित्रपटात स्वतः कोटणीसांची भूमिका केली. चीनमधील शृच्याच्वाङ् येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांचा पुतळा आहे व सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारत व चीन यांच्यातील संबंध ज्या ज्या वेळी पूर्ववत करण्याचे प्रयत्न झाले, त्या त्या वेळी कोटणीसांच्या नावाचा आधार घेतला गेला. चीनच्या भेटीवर आलेल्या किंवा भारतात आलेल्या नेत्यांनी त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात पडला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोटणीसांनी ज्यांच्यावर उपचार केले ते जपानशी लढणारे सैनिक होते. भारत-चीन युद्धाशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. त्यांच्या स्मृतीमुळे दोन्ही पक्षांना एकत्र येण्यास निर्विवाद जागा मिळते, पण १९६२ च्या मृतांचा विषय तीत येत नाही. राजनैतिक समेटाला असे सोयीचे स्मारक आवडते.

संवर्धन : पुण्याजवळ खडकी येथील युद्धदफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक समाध्या आहेत व पश्चिम आणि मध्य भारतातील विखुरलेल्या समाध्या तेथे एकत्र आणल्या गेल्या. तेथील स्मारकावर पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांचे स्मरण आहे. या दफनभूमीची निगा आयोगाकडे असल्याने ती उत्तम आहे. गावोगावच्या वीरगळांना व महायुद्धाच्या पाट्यांना असा पालक नाही. वीरगळ देवळाच्या आवारात असला तर त्याला शेंदूर व तेल मिळते आणि तो टिकतो, मात्र कोरीव काम झिजते व बुजते. रानात असला तर तो बांधाच्या दगडांत जातो. शाळेची जुनी इमारत पाडली जाते तेव्हा भिंतीतील पाटी सुटी करून ठेवण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. अलीकडे स्थानिक अभ्यासक व दुर्गप्रेमी मंडळे या शिळांची छायाचित्रे, मोजमापे व जागा नोंदवून ठेवू लागली आहेत. पाटीवरील संख्येमागची नावे मिळविण्याचा मार्गही पूर्णपणे बंद झालेला नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या मृतांच्या नोंदीत पुष्कळदा शिपायाचे गाव व वडिलांचे नाव दिलेले असते, आणि भरतीच्या गावांतील घराण्यांना कोण गेला व कोण परतला नाही, हे अजून सांगता येते.